वाकळेची उलटी बाजू

कात्री मीच लावली, हे आधी सांगून टाकते. नाहीतर आमच्याकडं कुणी विषय काढला की सगळे गप्प होतात आणि पोरगी हळूच माझ्याकडं बघते. आत्या नको म्हणाल्या होत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या भागात सासूला आत्याच म्हणायची पद्धत. त्या नको म्हणाल्या तरी मी लावली, आणि वर नागपंचमीच्या दिवशी लावली. शहाणपणा माझ्या अंगात पहिल्यापासूनच जास्त.

आष्ट्याजवळ आमचं घर. ऊस आहे, दोन म्हशी आहेत, स्लॅबचं घर आणि पुढं लोखंडी गेट. घरात आम्ही तिघीच, आत्या, मी आणि दहावीतली पोरगी. सासरे मी या घरात यायच्या आधीच गेलेले. मालक लष्करात. लग्नाला सतरा वर्षं झाली, त्यातली एका छपराखाली किती गेली याचा हिशोब मी करत नाही, उगं डोकं फिरतं. सुट्टीवर यायचे ते साडेतीनच्या एसटीनं. स्टँडवरून चालत यायचे आणि गेट उघडायच्या आधी कडी दोनदा वाजवायचे. सरळ उघडून आत यायचं सोडून आपल्याच घराची कडी वाजवायची, हा काय शहाणपणा म्हणून मी पहिल्या वर्षी भांडलेही होते. "आईला आवाज कळतोय," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी मी हट्टानं सांगलीला भरतकामाचा क्लास लावला. धारा, डबा, स्वयंपाक, आत्यांची बीपीची गोळी, सगळं उरकून साडेदहाची एसटी पकडायची आणि पोरगी शाळेतून यायच्या आत परत यायचं. आमच्या उंब्रजच्या माहेरी बातमी गेली तेव्हा आई फोनवर म्हणाली, "या वयात रुमाल भरतीस व्हय आता?" म्हटलं, भरते, तुला एक देते, नाक पूस. राग आला की माझं तोंड असंच सुटतं.

शिकवणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या आपा म्हणायचो. त्यांच्या घरात तीन पिढ्या जरीचं, आरीचं काम. साठी उलटलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. साखळी टाका, गहू टाका, काश्मिरी टाका, सगळं त्यांनी शिकवलं, पण खरी शिकवणी वेगळीच होती. तुम्ही जीव ओतून गुलाब काढायचा आणि आपांनी तो बघायचाच नाही. हातातनं कापड घ्यायच्या, फटकन उलटं करायच्या आणि मागची बाजू बघायच्या. एक दोरा लोंबताना दिसला की गेलं. "पुढून काय, कुणीबी सजतं. हे काय हाय? झिपऱ्या?" आणि कापड परत. पहिले सहा महिने मी एसटीत रडत आले. नंतर मात्र माझी मागची बाजू अशी झाली की आपा बोट फिरवून म्हणायच्या, "हां, आता कसं." त्यांनी मला एक गाठही शिकवली. टाक्याच्या पोटात मारायची, वरून दिसत नाही, खालून दिसत नाही, आणि जन्मात सुटत नाही. ती मला वर्गात सगळ्यांत चांगली जमायची. गर्वानं फुगले होते नुसती.

आता वाकळेचं सांगते. आत्यांच्याकडं एक वाकळ होती, जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर घालून हातानं शिवतात ती. वरचं कापड त्यांच्या इरकली लुगड्याचं, मधे मालकांच्या शाळेतल्या खाकी चड्डीचे चौकोन. लग्न होऊन मी आले तेव्हाही ती शिवणं चालू होतं, आणि अजून चालूच होतं. मालक सुट्टी संपवून गेले की दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या ती काढायच्या आणि नवी ओळ सुरू करायच्या, साधा धावदोरा. पुढची सुट्टी येईपर्यंत रोज दोन-चार टाके. मालक आले की थांबायचं. मी समजत होते, म्हातारीचा वेळ जातोय.

आपांनी दसऱ्याला साताऱ्यात आम्हा बायकांच्या कामाचं प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकीनं एक मोठी वस्तू आणायची, घरातलं जुनं कापड वापरून. माझ्या डोळ्यांपुढं लगेच ती वाकळ आली. चारी बाजूंनी मी गहू टाक्याची वेल भरणार, खाकी चौकोनांवर फुलं, सातारकरांनी बघतच राहायचं. आत्यांना विचारलं.

"ती न्हाई द्यायची," त्या म्हणाल्या.

"आवं, खराब न्हाई करत. उलट पुरी करून देते."

"पुरी करायचीच न्हाई ती. चाललंय अजून."

मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एका वाकळेचा केवढा तो तोरा! आणि ती पुरी करायचं डोक्यात घेतलं ते घेतलंच.

आत्यांचं माहेर शिराळ्याचं, नागपंचमीसाठीच नाव असलेलं गाव. पंचमीला त्या माहेरी जाणार म्हणजे जाणारच, यंदा पोरीलाही घेऊन गेल्या. जाताना नेहमीचं बजावून गेल्या, आज कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, सुई हातात धरायची नाही. शिराळ्याच्या लेकीला पंचमीचं काय सांगावं. मी व्हय व्हय म्हटलं. मालकांचा फोन रविवारी येऊन गेला होता, वरच्या पोस्टवर चाललोय, चार-आठ दिवस रेंज नसेल म्हणाले होते. घरात कुणी नाही, स्वयंपाकही नाही, दुपार अख्खी रिकामी. मी पेटी उघडून वाकळ काढली.

उलटी केली आणि अगं बाई! सगळीकडं झिपऱ्याच झिपऱ्या. प्रत्येक ओळ जिथं थांबली तिथं बोटभर दोरा तसाच लोंबत सोडलेला. गाठ नाही, काही नाही. पांढरे, काळे, निळे, जो हाताशी आला तो. शेवटच्या ओळीत सुई तशीच अडकवलेली, दोरा लाल. आपांचा आवाज माझ्या कानात वाजायला लागला. पंचमी आहे हे आठवलं, नाही असं नाही. पण म्हटलं दोरेच तर आहेत, भाजी चिरत नाही काही. आणि एकेक करून सगळे कापले, अगदी कापडालगत. मग लाल दोऱ्याची ओळ पुरी केली आणि आपांची गाठ मारायला घेतली.

गाठ अर्धी झाली होती तेव्हा गेटची कडी वाजली. दोनदा.

"कोण हाय?" मी आतूनच ओरडले. उत्तर नाही. उठले असते, पण ती गाठ अर्ध्यात सोडली की बिघडते, दोरा परत सरळ होत नाही. म्हटलं, शेजारची शेळी गेटला अंग घासत असेल. गाठ पुरी आवळली, दोरा कापला, मग उठून बघितलं. गेट बंद, रस्ता मोकळा, ऊन पडलेलं. साडेतीनची एसटी नुकतीच गेली होती, तिची धूळ अजून खाली बसत होती.

दुसऱ्या दिवशी आत्या आल्या. मी मोठ्या हौसेनं वाकळ पसरून ठेवली होती. त्यांनी पुढची बाजू बघितलीच नाही. आपांच्यासारखीच उलटी केली, आणि तिच्यावरून तळहात फिरवला, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मला आधी वाटलं, शाबासकी मिळतेय.

"दोरं कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"कापलं की. लोंबत हुतं नुसतं."

आत्या खाली बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही भांडता आलं असतं. त्या अगदी हळू आवाजात बोलल्या. "तो गेला की मी दोरा सुरू करते गं. आला की तिथंच सोडते. ज्या ज्या वाटंनं माझा ल्योक घरला आला, त्या वाटा हुत्या त्या. आन् लाल दोऱ्यावर आत्ता तो बाहीर हाय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगते, रागही आला. एवढं महत्त्वाचं होतं तर सतरा वर्षांत सुनेला एकदा सांगायचं नव्हतं? तसं म्हणालेही मी. त्या म्हणाल्या, "सांगायचं नस्तं ते. सासूनं मलाबी न्हवतं सांगितलं. मी बघून शिकले."

त्या दुपारी साडेतीनला कडी पुन्हा वाजली. आम्ही तिघींनी ऐकली. आत्या धावत गेल्या, गेट उघडलं, कुणी नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पोरीनं गेटपाशी उभं राहून कडी हातात धरून ठेवली, तोवर वाजली नाही. हात सोडून ती घरात आली आणि वाजली. वाऱ्यानं असेल म्हणून मी कडीला चिंधी बांधली. चिंधी बांधलेली कडीही वाजली. पोरगी म्हणाली, "मम्मी, मी शाळेतच थांबत जाऊ का पाचपर्यंत?" मी तिच्यावर खेकसले, आणि नंतर मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले.

मालकांचा फोन लागत नव्हता. चार दिवस झाले, आठ झाले, पंधरा झाले. आत्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. जेवायला वाढल्यावर म्हणायच्या, "तू जेव." एवढंच. त्यांची माया मला खात होती. पंधरा दिवस मी सुई हातात धरली नाही.

मग फोन आला, दवाखान्यातून. पंचमीच्या सुमारास वरच्या वाटेवर कडा सुटला होता, हे मातीखाली गेले होते. बाकीच्यांनी उकरून काढलं, बराच वेळ गेला होता म्हणे. हाताचं हाड मोडलं, बाकी सगळं शाबूत. मी फोनवरच हंबरडा फोडला. जिवंत आहेत! म्हटलं, देवा, तुझे उपकार, आता वाकळ गेली चुलीत.

गणपती झाल्यावर मालक आजारी रजेवर आले. साडेतीनच्याच एसटीनं. मी गेटवर उभी होते, आत्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात. ते आले, गळ्यात हात बांधलेला. कडी न वाजवता सरळ गेट ढकलून आत आले. आत्यांनी त्यांच्याकडं बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून मागं रस्त्याकडं बघितलं. बघतच राहिल्या. भाकरतुकडा ओवाळलाच नाही.

"आन् तो?" त्यांनी विचारलं.

"कोण, आये?"

आत्या बाजूला सरकल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या पाव्हणं. बसा. सून च्या करंल."

पोटच्या पोराला पाव्हणं म्हणाली माझी सासू! मालक हसले, त्यांना चेष्टा वाटली. संध्याकाळपर्यंत त्यांचं हसू गेलं.

सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय झालंय, विसरायला होतं. पण आत्या विसरत कुठं होत्या? उसाला पाण्याची पाळी कधी, कुठल्या म्हशीनं लाथ मारली, पोरीचा गणिताचा पेपर कोणत्या वारी, सगळं चोख. फक्त समोर बसलेला लेक त्यांना दिसायचा पाहुणा म्हणून. त्याला पहिलं वाढायच्या, मानानं बोलायच्या, आणि तीन वाजले की गेटकडं तोंड करून बसायच्या. कधी त्यालाच सांगायच्या, "माझा ल्योक तुमच्याच पलटनीत हाय. भेटला तर सांगा, आय वाट बघती." मालक मान खाली घालून म्हणायचे, "सांगतो." ते ऐकून माझं काळीज तुटायचं.

आणि कडी वाजतच होती. मालक घरात, खाटेवर बसलेले, माझ्या डोळ्यांसमोर, आणि बाहेर कडी दोनदा. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते पांढरेफटक पडले. मी कडीबद्दल त्यांना काही बोलले नव्हते, पोरीलाही ताकीद दिली होती.

"तुला एक सांगू का?" ते त्या दिवशी म्हणाले. "मातीखाली हुतो तवा मला वाटलं, मी उठलो. उठलो आन् घरला निगालो. एसटीत बसलो, स्टँडवरनं चालत आलो. गेटपाशी आलो, कडी वाजवली. आत तू हुतीस. 'कोण हाय' म्हणालीस. पर दार कुणी उगडलं न्हाई. मग त्यांनी मला वडून वर काढलं." मग म्हणाले, "आयेचं काय चुकतंय मला कळंना. माझं मलाच वाटतंय, मी अजून पुरता आलेलो न्हाई."

मी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. पंचमी, कात्री, अर्धी गाठ, न उठणं. त्यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले, "उसव."

उसवणं शिवण्यापेक्षा वाईट. कापलेला दोरा काही परत येत नाही, पण प्रत्येक ओळ शेवटाकडून चार बोटं उसवली की तेवढा दोरा मोकळा होतो आणि लोंबायला मिळतो. एकेचाळीस ओळी होत्या. प्रदर्शन गेलं, दसरा गेला, दिवाळीत लाडू वळून झाले की हात धुऊन मी उसवायला बसायची. जुना दोरा कुजका, जोर लावला की तुटायचा. आत्या शेजारी बसून बघायच्या, मधेच म्हणायच्या, "हा कारगिलच्या बाजूनं आला तवाचा," "ह्या खेपेला ही पोरगी झाली हुती." त्यांना एकेक दोरा ओळखू येत होता, लेक तेवढा येत नव्हता.

चाळीस दोरे मोकळे झाले आणि लाल तेवढा राहिला. त्याची गाठच मला सापडेना. माझीच गाठ! नखानं चाचपलं, सुईच्या टोकानं शोधलं, पोरीनं मोबाइलच्या उजेडात बघितलं. इतकी सुंदर मारली होती मी.

शेवटी वाकळ पोत्यात घालून सांगलीला आपांकडं गेले. सगळं ऐकून त्या भडकल्या. "येडे, मागची बाजू साफ ठेव म्हटलं ते तुझ्या कामाची! दुसरीच्या हाताला कात्री लाव असं कवा शिकवलं मी?" मग चष्मा काढून ठेवला, वाकळ तोंडाशी घेतली आणि ओठ टेकवून ओळीवरून हळूहळू सरकत गेल्या. म्हणाल्या, बोटं सुयांनी बथ्थड झालेली असतात, ओठाला कळतं. एका जागी थांबल्या. "ही घे. सोडायची मात्र तूच."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सोडवायला बसले. पुढच्या सोप्यातल्या खाटेवर मी, शेजारी मालक, समोर जमिनीवर आत्या. तासभर लागला. घामानं बोटं निसटत होती. गाठ सुटली आणि लाल दोरा टाक्याटाक्यानं मागं येत बोटभर, वीतभर मोकळा झाला. मी तो आत्यांच्या जुन्या सुईत ओवला, सुई आधी होती तशी अडकवली आणि वाकळ आत्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी उलट्या बाजूवरून तळहात फिरवला.

साडेतीनला कडी वाजली. दोनदा.

मालक माझ्या शेजारी होते. त्यांचा चांगला हात माझ्या हातात होता, आणि तो थंडगार पडला.

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. भाकरीचा तुकडा घेतला, तांब्या भरून घेतला आणि गेट उघडलं. मोकळ्या रस्त्याकडं तोंड करून त्यांनी तुकडा तीनदा ओवाळला आणि लांब टाकला. फरशीवर पाणी ओतलं, पायावर ओततात तसं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "आलास व्हय रं? किती वाळलास. दोरा सापडला न्हवं?"

मग हाताला धरून आणतात तसा हात पुढं करून, सावकाश, मागं बघत बघत त्या घरात आल्या. खाटेपाशी थांबल्या. "बस. दमला असशील," म्हणाल्या.

मालकांनी पाय आवरून घेतले, माझ्याकडं सरकले, आणि शेजारी एका माणसाची जागा करून दिली.